वापरलेली मोठी गाडी घेताना

बैल विकत घ्यायचा असला म्हणजे आपला शेतकरी काय करतो हे सर्वांना ठाऊक आहे. काष्टीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात तो प्रथम जनावराचे दात पाहतो. मग खूर पाहतो, खांदा पाहतो, चार पावले चालवून पाहतो, आणि जमले तर औताला जुंपूनही पाहतो. शिंगांना लावलेल्या रंगावर आणि गळ्यातल्या घुंगरांवर तो भाव ठरवीत नाही. विकणारा शपथेवर वय सांगू लागला तरी जबडा उघडल्याशिवाय तो हात पुढे करीत नाही. परंतु हाच जाणता मनुष्य जुनी मोटारगाडी घ्यायला गेला म्हणजे चकाकणारा रंग, रुंद टायर आणि मीटरवर दिसणारा आकडा एवढे पाहून इसार देऊन मोकळा होतो. वास्तविक ही वस्तू जनावरापेक्षा कितीतरी महाग, आणि तिच्यात घरची सगळी माणसे बसायची असतात. म्हणून जुन्या गाडीचे दात कसे पाहावेत, याचा आज थोडा विचार करू.

मोठी गाडी म्हणजे येथे उंच, जड, सात-आठ माणसे घेणारी, बहुधा डिझेलवर चालणारी आणि अंगात जोर असलेली गाडी. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एसयूव्ही म्हणतात. आपण नुसते ‘मोठी गाडी’ म्हणतो. आपल्या जिल्ह्यात तिची ओढ असावी हे स्वाभाविकच आहे. २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळालेला आपला नगर जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरांचा, म्हणजे क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यापासून जामखेडपर्यंत पसरलेल्या या मुलखात दवाखाना लांब, कॉलेज लांब, लग्नकार्ये लांब. आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रेलरांनी उखडलेले रस्ते वेगळेच. नाशिकच्या कारखान्यातून २००२ साली बाहेर पडलेली महिंद्राची स्कॉर्पिओ खेड्यापाड्यांत लोकप्रिय झाली ती उगाच नाही. तिच्याआधी १९९८ साली टाटांची सफारी आली होती. पुढे २००९ मध्ये टोयोटाची फॉर्च्युनर आली, तिच्या तीन लिटरच्या इंजिनाची ताकद १७१ अश्वशक्ती. आणि २०११ मध्ये चाकणहून महिंद्राची एक्सयूव्ही ५०० आली, तिची १४०. नवी असताना या गाड्या सामान्य शेतकऱ्याच्या आणि गुरुजींच्या आवाक्यापलीकडच्या होत्या. दहा वर्षे झाली, दीड-दोन लाख किलोमीटर पळून झाले, की त्या मूळ किमतीच्या लहानशा हिश्शात मिळू लागतात. मोहाचे कारण हेच, आणि फसण्याचे कारणही हेच.

एक गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी, कारण बाकीचे सारे तिच्यापासून निघते. गाडीची किंमत जुनी होते, पण तिचा खर्च जुना होत नाही. वीस लाखांची गाडी तुम्हाला पाच लाखांत मिळाली म्हणून ती पाच लाखांची गाडी होत नाही. तिचे टायर वीस लाखांच्या गाडीचे आहेत. तिचा क्लच, तिचा टर्बो, तिची नोझले, तिचे ब्रेक, तिचे झटके सोसणारे शॉकअप, हे सगळे भाग दुकानात त्या मोठ्या गाडीच्या भावानेच मिळतात. दुकानदार गिऱ्हाइकाला ‘गाडी कितीला घेतली?’ असे विचारून भाव कमी करीत नसतो. हत्ती स्वस्तात मिळाला तरी त्याचा चारा स्वस्त होत नाही, तशातलीच ही गोष्ट.

चाऱ्याचा हिशेब कागदावर मांडून पाहू. समजा, महिन्याला एक हजार किलोमीटर फिरणे आहे आणि डिझेल लिटरला ९० रुपये धरले. मोठी गाडी लिटरला १२ किलोमीटर चालली तर ८३ लिटरच्या वर डिझेल लागेल, म्हणजे सुमारे ७,५०० रुपये. लहान डिझेल गाडी लिटरला २० किलोमीटर देत असेल तर तिला ५० लिटर, म्हणजे ४,५०० रुपये लागतील. फरक महिन्याला तीन हजारांचा, वर्षाला छत्तीस हजारांचा. हा केवळ इंधनातला फरक झाला. विमा, टायर आणि दुरुस्ती वेगळीच. घरात माणसे चार, फिरणे तालुक्याच्या गावापुरते आणि रस्ता डांबरी, अशी स्थिती असेल तर लहान गाडी घेण्यात कमीपणा मुळीच नाही. मोठी गाडी ज्यांना कामासाठी हवी, ज्यांच्या घरी माणसे जास्त, ज्यांची वाट दगडधोंड्यांची, त्यांच्यासाठी पुढचे बोलणे आहे.

अशा माणसाने पैशाची पिशवी प्रथम दोन भागांत बांधावी. हाती सहा लाख आहेत असे समजा. त्यांतले साडेचार लाख गाडीसाठी, आणि दीड लाख गाडीत घालण्यासाठी. हा चौथा हिस्सा वेगळा ठेवल्याशिवाय बाजारात पाऊलच टाकू नये. जुनी गाडी घरी आली की तिचे इंजिन तेल, सगळे फिल्टर, गिअरचे आणि मागच्या पेटीचे तेल, ब्रेकचे द्रव, रेडिएटरचे पाणी म्हणजे कूलंट, पंख्याचे पट्टे आणि बॅटरी यांची झाडून तपासणी करावी लागते आणि बहुतेक सर्व नवीन घालावे लागते. टायर झिजलेले असले तर चारही बदलणे आले. सहाचे सहा लाख खरेदीतच संपविले, तर हीच कामे ‘पुढच्या कांद्यावर करू’, ‘पगारवाढीचा फरक मिळाला की करू’ अशी लांबतात. आणि लांबलेले पाचशेचे काम पन्नास हजारांचे होऊन बसते. कर्ज काढावयाचे असेल तर हप्ता ठरविताना वरचा डिझेलचा फरकही त्यात मिळवावा. पतसंस्थेचा हप्ता भरता येतो, पण गाडी दारात उभी राहते, असे झाले तर त्या कर्जाचा उपयोग काय?

आता किलोमीटरच्या आकड्याकडे वळू. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि सर्वांत कमी विश्वास ठेवण्याजोगे उत्तरही याचेच असते. मीटर मागे फिरविता येते. आजकालच्या विजेवर चालणाऱ्या मीटरचेही आकडे बदलता येतात. म्हणून साधा भागाकार करावा. गाडी दहा वर्षांची आहे आणि मीटर ६०,००० दाखविते, म्हणजे महिन्याला ५०० किलोमीटर झाले. इतके कमी फिरण्यासाठी मोठी डिझेल गाडी कोण घेईल? असा माणूस असूही शकेल. पण मग त्याने पुरावा दाखवावा. ब्रेक आणि क्लचच्या पायपट्ट्यांवरचे रबर पाहा. ते गुळगुळीत झाले असेल, चालकाच्या आसनाची बाजू खचली असेल, सुकाणूच्या चाकाचे कातडे सोलले असेल, आणि मीटर मात्र साठ हजार म्हणत असेल, तर कोण खोटे बोलते ते सांगायला ज्योतिषी नको. टायरवर कारखान्याने चार आकडे उठविलेले असतात. ‘२३१९’ असे असले तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो. मीटर तीस हजार सांगते आणि टायरचा दुसरा संचही झिजत आला आहे, तर काय समजावे? काचांवरही सालाची खूण असते. एकच काच इतरांहून नवी असेल तर ती का बदलली हे विचारावे.

शिवाय सगळे किलोमीटर सारखे नसतात. शिर्डीहून शनिशिंगणापूर सुमारे सत्तर किलोमीटर. त्या वाटेवर भक्तांना ने-आण करणारी गाडी वर्षात पुष्कळ अंतर तोडते. पण तिचे इंजिन गरम झाल्यावर एका चालीने पळते, आणि मालक पोटासाठी तेलपाणी वेळेवर करीत असेल तर तिचे दोन लाख किलोमीटर फारसे भिण्यासारखे नसतात. उलट एखादी गाडी केवळ मळ्यातून गावात आणि गावातून मळ्यात इतकीच हिंडते, धुळीत उभी राहते, तेल वर्षानुवर्षे बदलले जात नाही. तिचे सत्तर हजार अधिक वाईट. मात्र भाड्याने चालविलेली गाडी खाजगी म्हणून विकली जात असेल तर ते आधी कळले पाहिजे, म्हणजे भाव त्याप्रमाणे करता येतो. पिवळी पाटी जाऊन पांढरी लागली असली तरी तिचा मागचा इतिहास नोंदणी कार्यालयाच्या दप्तरात असतो.

आपल्या नगरात लष्कराचे रणगाडा दळाचे केंद्र आहे. लष्करी वाहनाबरोबर त्याची नोंदवही असते आणि वाहन कधी, कुठे, किती चालले ते तीत लिहिलेले असते. खाजगी गाडीची नोंदवही म्हणजे सर्व्हिसिंगची पुस्तिका आणि बिले. ज्या मालकाने दर दहा हजार किलोमीटरांचे बिल जपून ठेवले आहे, त्याची दीड लाख चाललेली गाडी ही बिनकागदाच्या ऐंशी हजारांच्या गाडीपेक्षा बरी समजावी. कंपनीच्या अधिकृत गॅरेजात गाडीचा क्रमांक सांगितला तर कोणत्या तारखेला किती किलोमीटरला गाडी आली होती याची नोंद तेथे सापडते. मालकाला बरोबर घेऊन ती नोंद काढून घ्यावी. मीटर मागे फिरविले असेल तर तेथे ते लगेच उघडे पडते. मालक बरोबर यायला का-कू करू लागला तर तेही एक उत्तरच होय.

आता प्रत्यक्ष गाडी पाहावयाची. ती भरदिवसा पाहावी, ओली असताना पाहू नये, आणि इंजिन थंड असताना पाहावी. ‘तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली’ असे कोणी म्हणाले तर चहा घेऊन तास-दोन तास थांबावे, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. थंड इंजिन आपली दुखणी लपवीत नाही. गरम झाले की पुष्कळशी दबतात. बॉनेटवर हात ठेवून थंड असल्याची खात्री करावी आणि मग चावी फिरवावी. त्या वेळी मीटरच्या पाटीवरचे इशाऱ्याचे दिवे सगळे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. इंजिनाचा किंवा हवेच्या उशीचा म्हणजे एअरबॅगचा दिवा विझलाच नाही तर बिघाड आहे. आणि तो मुळी लागलाच नाही तर बिघाड लपविण्यासाठी दिवाच काढून टाकलेला असण्याचा संभव आहे.

मग धूर पाहावा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. कधी साधा हवेचा फिल्टर तुंबलेला असतो, कधी नोझले आणि पंप बिघडलेले असतात. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जळते आहे. रिंगा, लायनर किंवा टर्बो यांपैकी काहीतरी झिजले आहे. थंडीच्या सकाळी क्षणभर पांढरा धूर आला तर त्यात विशेष नाही. पण इंजिन तापल्यावरही तो येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेटची शंका घ्यावी. तेल भरण्याचे झाकण उघडून त्याच्या आतली बाजू पाहावी. तेथे ताकासारखा पांढरट फेस दिसला तर तेलात पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. इंजिन चालू असताना त्याच तोंडातून जोरजोराने वाफारे येऊ लागले तर आतली रिंग दमली असे समजावे. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडावे. गरम असताना उघडले तर तोंड भाजते.

जोरदार गाडीचा जोर टर्बोत असतो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या दाबाने एक लहानसे चक्र फिरते आणि ते इंजिनात जास्त हवा कोंबते. म्हणून त्याच आकाराचे इंजिन अधिक ओढते. हे चक्र मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते, आणि त्याचा जीव असतो तो तेलाच्या पातळ थरावर. तेल जुने झाले, किंवा घाट चढून आल्याबरोबर इंजिन झटकन बंद करण्याची सवय असली, की टर्बोचे आयुष्य घटते. शिट्टीसारखा तीक्ष्ण आवाज, हवेच्या नळ्यांत ओलसर तेल आणि चढावर दमछाक ही त्याची लक्षणे. गाडी विकणाऱ्याने ‘चिप मारून पिकअप वाढविला आहे’ असे अभिमानाने सांगितले तर तो गुण समजू नये. कारखान्याने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे ते इंजिन ताणलेले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस सहा हे धुराचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी एक गाळणी असते. ती गाळणी स्वतःला साफ करण्यासाठी काजळी जाळून टाकते. पण त्यासाठी गाडी काही वेळ चांगल्या वेगाने पळावी लागते. जी गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरते तिची गाळणी तुंबते, आणि ती बदलणे फार महाग पडते. म्हणून ज्यांचे फिरणे केवळ गावातल्या गावात आहे त्यांनी अशी गाडी घेताना दोनदा विचार करावा.

आता गाडीच्या खाली वाकावे. स्कॉर्पिओ, सफारी, फॉर्च्युनर यांच्या खाली लोखंडी सांगाडा असतो, त्यालाच आपण चासी म्हणतो. त्यावर गंजाचे पापुद्रे, ताज्या वेल्डिंगच्या रेघा किंवा नुकताच फासलेला काळा रंग दिसला तर कारण विचारावे. मोठ्या अपघातातून निघालेली गाडी सहसा सरळ धावत नाही आणि टायर एका बाजूने खाते. दरवाजांच्या फटी सगळीकडे सारख्या आहेत का, बॉनेटचे आणि पंख्यांचे बोल्ट पान्याने खरवडलेले आहेत का, हेही पाहावे. पुरातली गाडी ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे: आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. वरून पुसलेली गाडी स्वच्छ दिसते, पण गुंडाळीतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहून जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलेल्या पुरांत गाड्या बुडाल्या होत्या. अशी गाडी धुऊन-पुसून कोणत्याही जिल्ह्याच्या बाजारात येऊ शकते.

यानंतर रस्त्यावरची परीक्षा. गावच्या पारापासून वेशीपर्यंत चक्कर मारणे ही परीक्षा नव्हे. निदान तासभर गाडी चालवावी, आणि चढाचा रस्ता निवडावा. संभाजीनगर रस्त्यावरचा इमामपूर घाट किंवा पाथर्डी रस्त्यावरचा करंजी घाट यासाठी चांगला आहे. चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबला असता इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट संपली आहे. इंजिनाच्या उष्णतेचा काटा मध्यावर स्थिर राहिला पाहिजे. उतारावर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, पायाखाली थरथर होते का, हे पाहावे. दोन टनांची गाडी वेगात थांबविणे हे लहान गाडी थांबविण्यासारखे नसते. तिच्या जोराला तितकेच सशक्त ब्रेक आणि टायर नसतील तर तो जोर आपल्याच जिवावर उठतो. खडबडीत रस्त्यावर खालून खडखड येत असेल तर बुश आणि सांधे झिजले आहेत. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी असेल तर ती सोय मऊ मातीत प्रत्यक्ष चालू करून पाहावी. कित्येक गाड्यांत ती वर्षानुवर्षे न वापरल्याने जाम झालेली असते.

ही सारी परीक्षा आपल्या विश्वासाच्या मिस्त्रीला बरोबर नेऊन करावी, आणि तो मिस्त्री विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा. त्याला दिवसाची मजुरी आनंदाने द्यावी. इंजिनाच्या संगणकाला जोडण्याचा स्कॅनर त्याच्याजवळ असावा. जुने बिघाड पुसले असल्यास तेही जाणत्याला त्यातून उमगते. त्याने काढलेल्या दोषांची यादी कागदावर मांडावी, प्रत्येकापुढे खर्च लिहावा, आणि ती बेरीज किमतीतून वजा मागावी. भांडण न करता भाव करण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

कोणती गाडी घ्यावी, या प्रश्नाला एकच उत्तर देता येणार नाही. पण एक कसोटी सांगता येते. जिचे सुटे भाग आपल्या तालुक्याच्या गावी मिळतात आणि जी उघडून पुन्हा जोडणारे दोन तरी मिस्त्री जवळपास आहेत, ती गाडी आपली. शेव्हरोलेची कंपनी २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवून गेली. फोर्डने २०२१ साली येथे आपल्या मोटारी बनविणे थांबविण्याचे जाहीर केले. त्यांच्या गाड्या दणकट नव्हत्या असे नव्हे, परंतु मालकाला भाग मिळवण्यासाठी अधिक धावपळ करावी लागते, आणि म्हणूनच त्या स्वस्त मिळतात. भारी जर्मन गाड्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यांच्यापैकी काहींची चाके हवेच्या फुग्यांवर तोललेली असतात. ते फुगे दमले की दुरुस्तीचा आकडा ऐकूनच मालक दमतो.

आता कागदपत्रे. गाडी चांगली आणि कागद वाईट असा सौदा कधीही करू नये. नोंदणी पुस्तकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी स्वतः ताडून पाहावेत. त्यावर बँकेचा बोजा असेल तर तो फिटल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. शासनाच्या परिवहन संकेतस्थळावर क्रमांक घालून विमा, प्रदूषण दाखला आणि थकलेले दंड पाहावेत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. मोटारीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. तेव्हा चौदा वर्षांची गाडी ‘फार स्वस्त’ मिळत असेल तर हाही खर्च धरावा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला नवी सुरक्षित क्रमांकपाटी बसविली आहे की नाही, तेही पाहावे.

दिल्लीकडची गाडी स्वस्त मिळते असे कोणी सांगेल. त्याचे कारण असे की, दहा वर्षांवरील डिझेल गाड्या राजधानीच्या परिसरात चालवू नयेत असा हरित न्यायाधिकरणाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तो उचलून धरला. २०२५ मध्ये न्यायालयाने त्या कारवाईला काहीसा आवर घातला, तरी मधल्या काळात पुष्कळ गाड्या बाहेर गेल्या. अशी गाडी घेणे बेकायदा नाही. पण मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र म्हणजे फॉर्म २८ हवे, येथे रस्ताकर भरावा लागतो, आणि बारा महिन्यांवर ती येथे ठेवायची तर महाराष्ट्राचा क्रमांक घ्यावा लागतो. हे सगळे मिळवून मगच स्वस्त की महाग ते म्हणावे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यालाही लागू आहे. आपल्याकडे टीटी फॉर्मवर सह्या करून द्यायच्या, मुद्रांकाच्या कागदावर करार करायचा आणि गाडी देऊन टाकायची, अशी रीत आहे. पुढे एजंट ती तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला. पुस्तकावर नाव मात्र पहिल्याचेच राहते. अशाच एका प्रकरणात, गाडी अनेक हातांतून गेलेली असताना अपघात झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले की, कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे सह्या देऊन निश्चिंत झालेल्या गुरुजींच्या दारात वर्षा-दोन वर्षांनी नोटीस येऊ शकते. म्हणून फॉर्म २९ आणि ३० कोरे देऊ नयेत, घेऊही नयेत. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांत विक्री कळवायची आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचे असते. विम्यावरचे नावही १४ दिवसांत बदलून घ्यावे. आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई त्याशिवाय मिळत नाही. व्यापाऱ्यामार्फत व्यवहार असेल तर तो नोंदणी कार्यालयाकडून अधिकृत झालेला आहे का हे विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून तसे नियम लागू झाले असून, ताब्यात घेतलेल्या गाडीची जबाबदारी अशा व्यापाऱ्यावर येते. नगरची नोंद एमएच १६ ची आणि श्रीरामपूरची एमएच १७ ची. दोन्हीकडे या कामाच्या पायऱ्या त्याच आहेत.

शाळेतल्या गुरुजींना येथे एक सुचवावेसे वाटते. वरचा डिझेलचा हिशेब, किलोमीटरचा भागाकार आणि टायरवरच्या चार आकड्यांचा अर्थ ही वरच्या वर्गातल्या मुलांना देण्याजोगी उत्तम उदाहरणे आहेत. घरात गाडी घेण्याचे बोलणे निघते तेव्हा वडिलांच्या शेजारी बसून हा भागाकार करणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर घरचे लाख-दोन लाख रुपये सहज वाचतील.

थोडक्यात सांगायचे तर, गरज ठरवावी, पैशाचा चौथा हिस्सा मागे ठेवावा, मीटरपेक्षा बिलांवर विश्वास ठेवावा, इंजिन थंड पाहावे आणि गाडी घाटात चालवावी, मिस्त्री आपला न्यावा, आणि नाव बदलल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे समजू नये. दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी टाकाऊ असतेच असे नाही. नीट पाहून घेतलेली आणि वेळेवर तेलपाणी केलेली अशी गाडी आणखी कित्येक वर्षे घराला साथ देईल. रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन ती नगरपर्यंत बिनघोर पोहोचेल. आणि पाहणीत शंका आली, तर इसार न देता परत यावे. बाजारात दुसरी गाडी मिळते. पण घामाचा पैसा एकदा गेला की परत मिळविताना दोन हंगाम जातात.